तिघांच्या मापाची गोधडी

दिगंबर दाबके यांची कस्टम्समध्ये निवड झाली तेव्हा त्यांना मुंबई हवी होती आणि मिळालं कलकत्ता. ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. खिदिरपूरच्या गोदीत जहाजं लागायची, त्यांतला माल तपासायचा, असं त्यांचं काम. "दोन-तीन वर्षांत काहीतरी खटपट करून परत येऊ," असं त्यांनी लग्न ठरवताना प्रेमलतेच्या वडिलांना सांगितलं होतं. ते परत येणं काही झालं नाही. केतकी झाली, तिची शाळा सुरू झाली, बेहाल्यात गल्लीच्या आत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, आणि कऱ्हाडहून आलेली प्रेमलता बघता बघता भाजीवाल्याशी बांगलात हुज्जत घालू लागली.

नोकरीबरोबर प्रवासाची सवलत होती. दुर्गापूजेच्या सुट्टीत निम्मं कलकत्ता बॅगा भरून कुठं कुठं फिरायला निघतं, तसे दाबकेही निघायचे. एका वर्षी ते जयपूरला गेले होते. तिथून जवळच बगरू नावाच्या गावात छापलेलं कापड माळावर वाळत घातलं होतं. प्रेमलता बराच वेळ ते बघत उभी राहिली. तिला साडी नको होती, चादरही नको होती. तिनं नुसतं दीड मीटर कापड मागितलं. दुकानदारानं विचारलं, याचं काय शिवणार? तेव्हा तिला सांगता आलं नाही. घरी आल्यावर तिनं ते कापलं, आत आपल्या दोन जुन्या साड्या घातल्या, आणि लहानपणी आईच्या मांडीला मांडी लावून शिकली होती तशी छोटी गोधडी शिवली. खालच्या मजल्यावरची शिखाबौदी, म्हणजे शिखावहिनी, तिला त्याच महिन्यात मुलगा झाला होता. गोधडी त्याला गेली. "हा तर आमचा काँथा," शिखाबौदी म्हणाली. "ही आमची गोधडी," प्रेमलता म्हणाली. धावदोरा दोघींचा एकच निघाला.

तिथून पुढं ती सवयच झाली. जिथं जायचं तिथून मीटरभर, दीड मीटर सुती कापड आणायचं. कच्छचं अजरख, मछलीपट्टणची कलमकारी, गुळेदगुड्डचा खण, आसामच्या बाजारातले लाल काठांचे गामोछे. दिगंबर दुकानाबाहेर चहा पीत उभे राहायचे आणि आत बायको व मुलगी कापडाचा पोत चिमटीत धरून बघत बसायच्या. कुणाचं लग्न असलं, कुणाला बाळ झालं, ऑफिसातलं कुणी बदली होऊन निघालं, की पेटीतून तुकडे निघायचे. कलकत्त्यातल्या मराठी घरांमध्ये दाबकेवहिनींची गोधडी आल्याशिवाय लग्न पुरतं झालं असं कुणाला वाटत नसे. "गरियाहाटच्या बाजारात सगळ्या गावांचं कापड मिळतं की, इतक्या लांबून ओझं कशाला आणता?" असं कुणी म्हटलं तर तिचं उत्तर ठरलेलं असे, "जिथं आम्ही गेलो नाही तिथलं कापड मी कसं देऊ?"

केतकी या कापडांतच वाढली. सहा वर्षांची असल्यापासून रंग तीच निवडायची. तिचं मराठी घरापुरतं होतं. बांगलात शब्दांना नर-मादी नसतं, त्यामुळे ती बिनदिक्कत "माझा गोधडी", "तो भाजी" म्हणायची. दिगंबर दर वेळी सुधारायचे, प्रेमलता हसायची. केतकीच्या लग्नातली गोधडी मात्र शिवायला सबंध वर्ष लागलं. मुलीनं पंधरा प्रवासांत हट्टानं घेतलेला एकेक तुकडा त्यात होता, आणि कुठला तुकडा कुठला हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

जावई उन्मेष मोघे. मोघ्यांची तिसरी पिढी कलकत्त्यातच जन्मलेली, डमडमला त्यांचं स्वतःचं घर, वडील नव्हते, आई शारदाताई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. उन्मेष बँकेत होता. मुलगा शांत, थोडा अबोल. लग्नानंतर तीन वर्षांनी चैत्राली झाली. तिला सगळे चैतू म्हणायचे.

चैतू तीन वर्षांची असताना नोव्हेंबरात केतकीला ताप आला. त्या मोसमात शहरात घरोघरी डेंग्यू होता, तोच निघाला. पहिले चार दिवस ती फोनवर हसत होती, आईला पपईच्या पानांचा रस किती कडू लागतो ते सांगत होती. पाचव्या दिवशी तिला दवाखान्यात ठेवलं. नवव्या दिवशी ती गेली. एकतिसावं वर्ष चालू होतं.

प्रेमलतेनं त्यानंतर सुई हातात धरली नाही. कापडाची पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. प्रवास थांबले. आठवड्याचा एक रविवार तेवढा उरला. सकाळी बसनं कालीघाटपर्यंत जायचं, तिथून मेट्रोनं डमडम, दुपारभर चैतूशी खेळायचं आणि उजेड असतानाच परत निघायचं. असे शंभरावर रविवार गेले.

मग एका शनिवारी उन्मेष एकटाच बेहाल्याला आला. हातात मोठी कापडी पिशवी होती. प्रेमलतेनं चहा ठेवला. तो कपाकडे बघत म्हणाला, "आई, बाबा, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मला स्वतः सांगायचं होतं."

दिगंबर म्हणाले, "लग्न करतोस का?"

"हो. फेब्रुवारीत. नाव ऋता. आमच्याच बँकेत आहे, मूळची नागपूरची. चैतूला ओळखते. वर्षभर येते आहे घरी."

"वर्षभर," दिगंबर म्हणाले.

प्रेमलतेला हे कधीतरी होणार हे माहीत होतं. पोराचं वय पस्तीस. तिनं मनात कितीतरी वेळा या प्रसंगाची तालीम केली होती, आणि त्या तालमीप्रमाणे ती म्हणालीसुद्धा, "बरं केलंस. एकट्यानं किती दिवस काढणार?" पण मग उन्मेषनं ती पिशवी पुढं सरकवली, आणि त्याची तालीम तिनं केलेली नव्हती. पिशवीत केतकीच्या लग्नातली गोधडी होती. धुऊन, घडी करून.

"घरी आई म्हणाली की आता ती पलंगावर असणं बरं नाही दिसणार. ऋताला कसंतरी वाटेल. फेकणं किंवा कुणाला देणं तर शक्यच नाही. मला वाटलं, तुमच्याकडेच…"

"राहू दे इथं," प्रेमलता म्हणाली.

तो गेल्यावर तिनं पिशवी उघडली. आयुष्यात दिलेली एकही गोधडी तिच्याकडे परत आलेली नव्हती. कितीही धुतली असली तरी एका कोपऱ्याला चैतूच्या केसांच्या तेलाचा वास राहिला होता. मधल्या निळ्या चौकोनावर दुधाचा फिकट डाग होता. ती रोज दुपारी आडवी व्हायची तेव्हा ती गोधडी उशाशी घ्यायला लागली. अंगावर घेतली नाही. दिगंबरांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दहा-बारा दिवसांनी शारदाताईंचा फोन आला. एरवी ठणठणीत आवाजात बोलणाऱ्या त्या बाई अडखळत होत्या. "प्रेमलताताई, माझ्या हातून चूक झाली का, कळत नाही. पोरगी झोपतच नाही. नवी रजई आणली, माझी शाल दिली. एकच धरून बसली आहे, आईचा गोधडी द्या म्हणून."

"आईचा गोधडी म्हणते?"

"हो. अगदी तसंच."

प्रेमलतेनं उशाशी ठेवलेली ती गोधडी जवळ ओढली.

"परत मागवावी, तर त्या मुलीचा विचार येतो हो," शारदाताई पुढं म्हणाल्या. "नवी नवरी घरात यायची, आणि पलंगावर पहिलीच्या माहेरची गोधडी. आपण तिच्या जागी असतो तर? मी काय करू, सांगा तुम्ही."

प्रेमलता म्हणाली, "मला दोन दिवस द्या."

दोन दिवसांनी तिनं दिगंबरांना सांगितलं की ती उन्मेषच्या लग्नात गोधडी देणार आहे. मोठी, तिघं मावतील एवढी. दिगंबर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं.

"कापड आहे पेटीत. काय करायचं ते कर."

"पेटीतलं नको. त्यातल्या एकूणएक तुकड्याला केतकीचा हात लागलेला आहे. जिथं ती कधी आली नव्हती अशा गावाला जाऊ या."

"असं गाव राहिलंय कुठं?"

हा प्रश्न खरा होता. भिंतीवर देशाचा जुना नकाशा होता, केतकीच्या शाळेच्या वेळचा. दोघं त्याच्यापुढं उभे राहिले. कच्छला तिला घेऊन गेलो. ओरछ्याला गेलो. म्हैसूरला ती कांजिण्या घेऊन हिंडली होती. कटक, पुरी तर चार वेळा. शेवटी दिगंबरांनी झारसुगुड्यावर बोट ठेवलं. कऱ्हाडला जाता-येता मेल तिथं थांबायची. तीस वर्षांत कितीतरी वेळा ते स्टेशन खिडकीतून बघितलं, उतरले कधीच नाहीत. तिथून संबलपूर तासाभराच्या अंतरावर.

डिसेंबरात ते गेले. दोन वर्षांनी दोघं पहिल्यांदा बॅग भरत होते, आणि दोघांची बॅग किती लहान होते याचं प्रेमलतेला नवल वाटलं. संबलपुरात विणकरांच्या मालाचं दुकान शोधून काढलं. दुकानदार म्हातारा, बोलका. त्यानं ताग्यांवर तागे उलगडले. शंख, मासे, चौकडी, सगळी नक्षी सुतातच रंगवून विणलेली. प्रेमलतेनं आधी डाळिंबी बघितलं, ते बाजूला सारलं. मग गर्द हिरवं काढायला लावलं, मग हळदी. हाताला जुनी सवय होती. ती कापडाची कड उलटी करून बघत होती, उजेडात धरत होती, आणि दुकानदारानं हिंदीत विचारलं, "कुणासाठी घेताय, दीदी?"

"मुलीच्या लग्नासाठी," ती म्हणाली.

दिगंबर उठले आणि बाहेर गेले.

ती कापड बांधून घेऊन बाहेर आली तेव्हा ते पायरीवर बसले होते. रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती. ती शेजारी बसली.

"तोंडातून निघून गेलं," ती म्हणाली.

"आपली मुलगी लग्न होऊन डमडमला गेली, प्रेमा. आता तिच्या खोलीत दुसरी येते आहे. आणि तू तिच्यासाठी पोत बघतेस, काठ बघतेस. लोक म्हणतील दाबकेवहिनी किती मोठ्या मनाच्या. मला ते ऐकायचं नाही. मला हे बघवत नाही."

"मोठं मन कसलं त्यात? मला रागच येतो तिचा. तिला बघितलेलंसुद्धा नाही, तरी येतो." तिनं मांडीवरच्या बोचक्याची गाठ घट्ट केली. "पण चैतू आज ना उद्या तिच्या कुशीत झोपणार. थंडी वाजली तर ती बाई आपल्या अंगावरचं ओढून पोरीच्या अंगावर घालील. ते पांघरूण माझ्या हातचं असू दे. बाकी आता माझ्या हातात काय आहे?"

दिगंबरांनी तिच्या मांडीवरचं कापडाचं बोचकं उचलून आपल्याकडे घेतलं.

शिवायला सहा आठवडे होते. गोधडी मोठी, त्यात हाताची सवय दोन वर्षांत मोडलेली. शिखाबौदी दुपारची कामं उरकून वर यायची आणि दुसऱ्या टोकाला बसून टाके घालायची. ती काही विचारत नसे. तिला सगळं माहीत होतं. केतकीला तिनं आपल्या मुलाबरोबर अंगणात वाढताना पाहिलं होतं. दोघी टीव्ही लावून बसायच्या आणि बघत नसायच्या.

आतल्या थरांसाठी जुन्या मऊ साड्या लागतात. प्रेमलता आपल्या दोन साड्या काढून ठेवत होती, तेव्हा दिगंबर आतून एक घडी घेऊन आले. केतकीची कॉलेजातली पिवळी सुती तांतची साडी. ती त्यांनी कुठं ठेवली होती, प्रेमलतेला माहीतही नव्हतं.

"आत घाल," ते म्हणाले. "वरून काही दिसणार नाही. कुणाला कळायचं कारण नाही. चैतूच्या अंगावर आई राहील."

प्रेमलतेनं साडी हातात घेतली. किती मऊ झाली होती. कितीदा तरी तिच्या मनातही हेच आलं होतं, निदान एक पट्टी, निदान एका कोपऱ्यात हातभर. शिखाबौदी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"ऋताला न सांगता तिच्या अंथरुणात केतकीला शिवायचं? उद्या तिला कळलं तर? आणि नाही कळलं तरी. आपल्या केतकीच्या बाबतीत कुणी असं केलं असतं तर तुम्हाला चाललं असतं?"

दिगंबरांनी साडी घेतली, घडी पुन्हा नीट केली आणि आत गेले. दार लावल्याचा आवाज आला. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही. पुढं कितीतरी दिवस टाके घालताना प्रेमलतेला वाटायचं, आपण फार कठोर वागलो. त्यांनी एवढं एकच मागितलं होतं. पण तिनं निर्णय बदलला नाही. आत तिच्या स्वतःच्याच साड्या गेल्या.

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. डमडमच्या घरी तीस-चाळीस माणसांचं जेवण होतं. दिगंबर येणार नाही म्हणाले होते. ऐन वेळी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. ऋता उंच, सावळी, साध्या नारायणपेठी साडीत होती. प्रेमलतेला वाटलं होतं ती फार देखणी असेल, किंवा फार तोंडाळ असेल. ती दोन्ही नव्हती. तिनं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू?"

"काकू म्हण."

ऋतानं गोधडी उलगडली तेव्हा खोलीतलं बोलणं थांबलं. मराठी मंडळातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ऋतानं ती पलंगावर पसरली, आडवी, उभी, आणि म्हणाली, "चैतूला मध्ये घेऊन तिघं मावतील."

"त्याच मापाची आहे," प्रेमलता म्हणाली.

शारदाताई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. चैतूला पुढं आणलं. साडेपाच वर्षांची पोर, नव्या फ्रॉकमध्ये अवघडलेली. तिनं गोधडीला हात लावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट बघितली आणि म्हणाली, "हा आईचा नाही." मग ती दिगंबरआबांच्या मागं जाऊन उभी राहिली. दिगंबरांनी तिला उचलून घेतलं आणि गॅलरीत नेलं. सगळे पुन्हा जेवणाखाणाच्या गोष्टी बोलू लागले.

महिनाभर काही कळलं नाही. प्रेमलतेनं विचारलंही नाही. रविवारी जाणं तिनं आपण होऊनच कमी केलं होतं, नव्या संसारात सारखं जाऊन बसणं बरं नव्हे म्हणून. मार्चच्या अखेरीला ऋताचा फोन आला.

"काकू, एक विचारू? चैतूची जुनी गोधडी तुमच्याकडे आहे ना?"

"आहे."

"ती पाठवाल का? नव्या गोधडीत ती येतच नाही. कडेला पाय पोटाशी घेऊन पडते. मी उन्मेषला विचारलं तेव्हा आत्ता कुठं त्यानं सांगितलं की ती परत दिली, माझ्यासाठी. मला कुणी विचारलंच नाही, काकू. सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं की मला चालणार नाही."

प्रेमलताही त्या सगळ्यांतलीच होती. "तुला खरंच चालेल?" तिनं विचारलं.

"चालेल की नाही, माहीत नाही. काही दिवशी जड जाईल. पण ती तिची आहे ना."

दुसऱ्या दिवशी प्रेमलता एकटीच निघाली. गोधडी त्याच कापडी पिशवीत घातली. घालण्याआधी तिनं ती एकदा पूर्ण उलगडून अंगावर घेतली, पहिल्यांदा आणि शेवटचं, आणि दहा मिनिटं भिंतीला टेकून बसली. तेलाचा वास आता गेला होता. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मेट्रोत एका कॉलेजच्या मुलीनं उठून तिला जागा दिली आणि पिशवी धरू का विचारलं. ती नको म्हणाली.

ऋतानं दारातच पिशवी घेतली आणि चैतूच्या हातात दिली. गोधडी दोन्ही हातांनी ओढत चैतू आत घेऊन गेली, पलंगावरच्या हिरव्या-हळदी गोधडीवर टाकली आणि तिच्यात शिरली. तोंडसुद्धा बाहेर ठेवलं नाही. दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या. ऋतानं पोहे केले होते. नागपूरकडच्या पद्धतीचे, वर तर्री घातलेले. तिखट फार होते. प्रेमलतेच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

जूनमध्ये उन्मेष आणि ऋता दोघांची बदली नागपूरला झाली. बँकेनं नवरा-बायकोला एकाच गावी दिलं, ऋताचं माहेरही तिथं, शारदाताईंनाही ते बरोबर घेऊन गेले. डमडमचं घर भाड्यानं दिलं. बदली होऊन निघालेल्या किती कुटुंबांना प्रेमलतेनं हावड्याला जाऊन निरोप दिला होता. या वेळीही ती गेली. गाडी सुटली तेव्हा चैतू खिडकीतून हात हलवत होती आणि मध्येच आत कुणीतरी हाक मारली म्हणून वळली. गाडी फलाटाबाहेर पडेपर्यंत ती परत खिडकीशी आली नाही.

त्यानंतरचे रविवार फार मोठे होते. दिगंबर सकाळी मेट्रोच्या वेळेला उगीचच आंघोळ करून तयार होत आणि मग वर्तमानपत्र घेऊन बसत. फोन यायचे, आधी आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. चैतू शाळेतलं सांगायची. बांगला ती दोन-तीन महिन्यांत विसरली. मराठी मात्र सुधारलं, भराभर, नागपुरी हेल काढून बोलायला लागली. एकदा फोनवर ती सहज म्हणाली, "आई म्हणते, थंडी पडली की मोठी गोधडी आणि माझी जुनी गोधडी, दोन्ही काढू." प्रेमलतेनं ऐकलं. ऋताला आई म्हणायला लागली होती. गोधडीही आता ती गोधडी झाली होती. चांगलंच झालं, असं तिनं दिगंबरांना सांगितलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

पुढच्या वर्षी पूजेच्या सुट्टीत ऋता चैतूला घेऊन आठ दिवस बेहाल्याला आली. उन्मेषला रजा नव्हती. चैतू सात वर्षांची, उंच झालेली, पुढचे दोन दात पडलेले. मांडव बघितले, शिखाबौदीकडे नारळाचे लाडू खाल्ले, आबांबरोबर नव्या मेट्रोत बसून उगाच शेवटपर्यंत जाऊन आली. केतकीचे फोटो प्रेमलतेनं काढून ठेवले होते. चैतूनं ते एकेक करून बघितले, शाळेतल्या पुस्तकातले बघावेत तसे शहाण्यासारखे, आणि परत दिले. "ही केतकीआई," ती म्हणाली. प्रेमलतेनं अल्बम कपाटात ठेवून दिला. तिनं खूप काही ठरवलं होतं. कुठलं कापड कुठलं, ते सांगायचं होतं. पोरीला त्यातलं काही नको होतं, आणि त्यात तिचा दोष नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ऋता सामान आवरत होती. दिगंबर पलीकडच्या खोलीत पडले होते. चैतू आजीशेजारी पंख्याखाली आडवी होती. प्रेमलतेला डुलकी लागत होती.

"आजी," चैतूनं विचारलं, "केतकीआई घोरायची का?"

प्रेमलतेनं डोळे उघडले. चार वर्षांत केतकीबद्दल लोकांनी तिला पुष्कळ विचारलं होतं. किती दिवस ताप होता, प्लेटलेट्स किती झाल्या होत्या, जावई येतो का. असलं कुणी विचारलं नव्हतं.

"का गं?"

"आई घोरते. बाबा पण घोरतात. मी नाही घोरत. म्हणून विचारलं."

"नाही. घोरायची नाही," प्रेमलता म्हणाली. "पण झोपेत बोलायची."

"काय बोलायची?"

"आम्हाला कुठं सगळं कळायचं? बांगलात बोलायची. आमच्याशी दिवसभर मराठी, आणि झोप लागली की बांगला. एकदा तर भांडत होती कुणाशी तरी."

"कुणाशी?"

"ते नाही माहीत."

"बर्फाच्या गोळ्यावाल्याशी," पलीकडच्या खोलीतून दिगंबरांचा आवाज आला. त्यांना झोप लागली आहे असं दोघींना वाटत होतं. "मला कळत होतं ते. गोळ्यात लाल रंग कमी घातला म्हणून भांडत होती."

बॅगेची चेन ओढता ओढता ऋता थांबली आणि दारात येऊन उभी राहिली. चैतू उठून बसली.

"अजून काय बोलायची, आबा?" तिनं विचारलं.

पलीकडून चपला शोधायचा आवाज आला, आणि ते भिंतीला हात लावत हळूहळू या खोलीकडे यायला लागले.